न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये रॅट-माईससोबत काम करायचं असेल तर

बीएस्सी झालेली, झूलॉजी नाहीतर बायोटेक केलेली बरीच मुलं-मुली विचारतात की न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागलं तर दिवसभर नक्की करायचं काय असतं. जाहिरातीत एवढंच असतं की प्राणी हाताळायचा अनुभव असल्यास प्राधान्य, आणि तो अनुभव आधी घ्यायचा कुठून हे कोणी सांगत नाही. मी हेच काम करते, रॅट (मोठे उंदीर) आणि माईस (छोटे उंदीर, एकाला माऊस म्हणतात) दोन्हीसोबत, म्हणून जे आम्ही नव्या मुलांना तोंडी सांगतो ते इथे लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधी सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्राणी घाबरलेला असेल तर तुम्ही जे मोजता ती त्याची भीती असते, तुमचं औषध किंवा तुमचा जीन बाजूलाच राहतो. किडनीच्या किंवा हाडाच्या प्रयोगातही स्ट्रेसचा परिणाम होतोच, पण आपल्याकडे मोजायची गोष्टच मुळात भीती, आठवण, मूड, झोप, वेदना अशी असते. त्यामुळे ज्या हातांनी तो प्राणी पिंजऱ्यातून बाहेर निघतो ते हात प्रयोगाचा भाग असतात, आणि ते हात बहुतेक वेळा असिस्टंटचे असतात. पेपरवर नाव कोणाचंही असो, डेटा खरा निघेल की नाही हे बऱ्याच अंशी तुमच्यावर आहे.

कागदपत्रं, थोडक्यात

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली एक केंद्रीय समिती आहे, तिला आधी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए म्हणतात, पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. संस्थेत तिच्या नियमांप्रमाणे एक एथिक्स कमिटी असते, आयएईसी. प्रत्येक प्रयोगाचा प्रोटोकॉल फॉर्म बी मध्ये भरून या कमिटीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात कुठली स्ट्रेन (प्राण्यांचा वाण), किती प्राणी, का, काय करणार, वेदना कशी कमी करणार आणि शेवटी प्राण्याचं काय करणार हे सगळं असतं. जॉईन झाल्यावर पहिल्या आठवड्यातच तो मंजूर प्रोटोकॉल मागून घ्या आणि पूर्ण वाचा. सरांनी किंवा मॅडमनी घाईत सांगितलं की अजून एक ग्रुप घेऊया, अजून एक डोस देऊन बघूया, तरी प्रोटोकॉलमध्ये नसेल तर आधी अमेंडमेंट, म्हणजे त्या बदलाची मंजुरी लागते, आणि हे शांतपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगले गाईड उलट खूश होतात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन आर (इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारी तत्त्वं) मांडले, म्हणजे शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, कमीत कमी प्राणी वापरा आणि त्रास कमीत कमी द्या, आपल्याकडे त्यात पुनर्वसनाचा चौथा आर जोडलाय. यातला तिसरा आर जवळजवळ पूर्ण असिस्टंटच्या हातात असतो.

ॲनिमल हाऊस

आत जाताना गाऊन, कॅप, शू कव्हर, मास्क, ग्लोव्हज हे तर सांगतातच. न सांगितलेलं म्हणजे परफ्यूम, डिओ, मोगऱ्याचा गजरा, सुवासिक तेल यातलं काही त्या दिवशी नको. रॅट-माईसचं अर्धं जग वासावर चालतं. घरी हॅम्स्टर किंवा पांढरे उंदीर पाळलेले असतील तर तेही आधीच सांगा कारण इन्फेक्शन आत येऊ शकतं.

खोलीचं तापमान आणि आर्द्रता रोज लिहायची असते, आपल्या नियमांप्रमाणे तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के यात बसायला हवी, आणि तासाला साधारण १२ ते १५ वेळा हवा बदलली पाहिजे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता सत्तरच्या आत ठेवणं हे खरंच कष्टाचं काम आहे, तेव्हा रीडिंग वर गेलं की लगेच मेंटेनन्सला फोन करायचा, उद्यावर ढकलायचं नाही. लाईट १२ तास चालू, १२ तास बंद, टायमरवर. अंधाराच्या वेळात काही राहिलं म्हणून आत जाऊन ट्यूबलाईट लावणं हा सगळ्यात मोठा गुन्हा समजा, त्या खोलीतल्या सगळ्या प्राण्यांचं शरीराचं घड्याळ त्याने हलतं. जायचंच असेल तर लाल टॉर्च, कारण गडद लाल रंग त्यांना फारसा दिसत नाही.

पाण्याच्या बाटलीबद्दल जरा थांबून सांगते कारण सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट ती आहे. बाटली भरून लावली म्हणजे प्राण्याला पाणी मिळालं असं नाही, नळीत हवेचा बुडबुडा अडकला की बाटली भरलेली दिसते आणि प्राणी मात्र तहानलेला राहतो. म्हणून लावायच्या आधी बाटली उलटी करून नळीच्या टोकावर बोटाने टिचकी मारायची आणि थेंब येतो का बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी उतरली का हेही बघायचं. उलटही होतं, बाटली गळते, रात्रभरात बेडिंग, म्हणजे खाली पसरलेला भुसा भिजतो आणि सकाळी माईस थंडीने गारठलेले सापडतात. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव आहे, अंगातली ऊब जायला वेळ लागत नाही.

पिंजरे बदलताना माईसचा घरट्यातला कापूस किंवा कागद थोडा जुनाच नव्या पिंजऱ्यात टाका, विशेषतः नर एकत्र असतील तर, त्यांच्या घरट्याचा ओळखीचा वास राहिला की मारामारी कमी होते. लघवीने भिजलेला भुसा मात्र टाकू नका, त्याने उलट भांडणं वाढतात. नुकती पिल्लं झालेली असतील तर पहिले काही दिवस तो पिंजरा शक्यतो हलवायचाच नाही. आणि बिहेवियर टेस्टच्या आदल्या दिवशी पिंजरे बदलू नयेत हे कॅलेंडरवर लिहूनच ठेवा, कारण पिंजरे बदलणारी माणसं वेगळी असतात आणि टेस्ट घेणारी वेगळी.

त्यावरून आठवलं, ॲनिमल हाऊसमध्ये जे काका किंवा मावशी वर्षानुवर्षं हे काम करतात त्यांच्यासोबत सुरुवातीचे काही दिवस नुसतं उभं राहा. कुठला पिंजरा गप्प आहे, कुठल्या आईने पिल्लं टाकलीयेत, कुठला नर भांडखोर आहे हे त्यांना नोंदवही न उघडता माहीत असतं. त्यांना नावाने किंवा काका-मावशी म्हणून हाक मारा, चहाला सोबत बसा. डिग्री नसली तरी या विषयात ते तुमचे सीनियर आहेत.

हाताळणं

माऊसला शेपटीने उचलायची पद्धत आपल्याकडे अजून खूप ठिकाणी आहे कारण पटकन होतं. पण लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की शेपटीने उचललेले माईस माणसापासून लांब पळतात आणि त्यांची चिंता टेस्टमध्येही जास्त दिसते, तर नळीतून किंवा ओंजळीत उचललेले माईस स्वतःहून हाताजवळ येतात. नळी म्हणजे फार काही नाही, पारदर्शक ॲक्रिलिकची किंवा पुठ्ठ्याची, माऊस आरामात आत शिरेल एवढी रुंद, ती पिंजऱ्यात एका कडेला ठेवायची आणि माऊसला हळूच तिकडे वळवायचं, तो आपणहून आत जातो, मग दोन्ही टोकांवर हात ठेवून नळी उचलायची. सुरुवातीला वेळ जास्त लागतो, मग सवय होते, तुम्हालाही आणि त्यालाही. माझं स्पष्ट मत आहे की जी लॅब चिंतेवर किंवा डिप्रेशनवर काम करते तिने शेपटीने उचलणं पूर्ण बंद करायला हवं.

रॅटचं वेगळं. रॅट अडीचशे ते चारशे ग्रॅमचा असतो, त्याला पाठीवरून खांद्यांच्या मागे हात घालून उचलायचं आणि दुसरा हात मागच्या पायांखाली द्यायचा, पाय अधांतरी राहिले की तो घाबरतो आणि धडपडतो. शेपटीच्या टोकाला तर कधीच धरायचं नाही, कातडी सोलून निघू शकते. वरून झपकन हात आणू नका, घार झडप घालते तशी ती हालचाल त्याला वाटते. आधी हात पिंजऱ्यात नुसता ठेवा, त्याला हुंगू दे, मिशा लावू दे. प्रयोगाच्या आधी निदान पाच-सात दिवस रोज काही मिनिटं असं हाताळलं की तोच रॅट बाहीवरून खांद्यापर्यंत चढतो. रॅट लोकांना आवडत नाहीत हे मला माहितीये, पण त्यांच्याइतका माणसाला सरावणारा प्राणी लॅबमध्ये दुसरा नाही. अमेरिकेत जाक पँकसेप यांनी रॅटना हाताने गुदगुल्या करून दाखवलं की ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास एक आवाज काढतात, आपल्याला तो ऐकू येत नाही, आणि ते पुन्हा गुदगुल्या करून घ्यायला त्या हाताच्या मागे मागे येतात. घाबरले की वेगळा आवाज, २२ किलोहर्ट्झचा, तोही आपल्या कानापलीकडचा. म्हणजे खोली तुम्हाला शांत वाटत असली तरी आत एखादा रॅट बाकीच्यांना धोक्याची सूचना देत असू शकतो.

चावलं तर काय? चावतात कधीकधी, बहुतेक वेळा आपण घाई केलेली असते. हात झटकू नका, प्राणी लांब फेकला जातो आणि त्याला इजा होते. त्याला पिंजऱ्यात सोडा, ग्लोव्हज काढून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, डॉक्टरांना दाखवा आणि रजिस्टरमध्ये लिहा. लाज वाटून लपवतात मुलं, तसं करू नका. दुसरी गोष्ट ॲलर्जीची, ती चाव्यापेक्षा जास्त लोकांना नडते. या प्राण्यांच्या लघवीतली प्रोटीन्स भुशाच्या धुळीतून नाकात जातात, आधी शिंका, मग डोळे लाल, मग काहींना दमा. मास्क एन-९५ वापरा आणि पिंजरे शक्यतो हवा खेचून गाळणाऱ्या कॅबिनेटमध्ये बदला. शिंका सुरू झाल्यात हे पहिल्या दिवशीच सांगा, सवय होईल म्हणून सहन केलं तर त्रास वाढतोच.

बघायला शिका

रोज प्रत्येक पिंजऱ्यापुढे काही सेकंद नुसतं थांबायचं. केस उभे, पाठ वाकलेली, एका कोपऱ्यात एकटा, डोळे अर्धवट मिटलेले, म्हणजे काहीतरी बिनसलंय. रॅटच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाजवळ लाल डाग दिसला की नवी मुलं रक्त समजून घाबरतात, ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, पण ते दिसायला लागलं म्हणजे रॅट स्ट्रेसमध्ये तरी आहे किंवा आजारी तरी, कारण एरवी तो ते पुसून स्वच्छ राहतो. माईसमध्ये एखाद्याच पिंजऱ्यात बाकी सगळ्यांच्या मिशा कातरलेल्या आणि एकाच्या शाबूत असं दिसेल, तर तो शाबूत मिशांचा बाकीच्यांच्या मिशा कुरतडतोय. हे मुद्दाम सांगतेय, कारण माऊस मिशांनी जग चाचपतो, मिशाच नसतील तर स्पर्शाशी संबंधित टेस्टमध्ये तो वेगळा वागणार, आणि तुम्ही त्याचं श्रेय औषधाला द्याल.

वेदना ओळखायला चेहरा बघायचा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची मोजपट्टी काढली, डोळे किती आवळलेत, नाक-गाल फुगलेत का, कान मागे गेलेत का, मिशा कशा आहेत. ती चित्रं प्रिंट काढून खोलीत लावून ठेवा. आणि वजन, वजन, वजन. सर्जरीनंतर रोज वजन करायचं, वीस टक्क्यांच्या आसपास उतरलं तर बहुतेक प्रोटोकॉलमध्ये तिथे थांबायचं असतं, व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) बोलवायचं आणि ते सांगतील ते करायचं, एवढे दिवस घातलेत म्हणून अजून दोन दिवस बघू असं म्हणायचं नाही.

बिहेवियर टेस्ट

१९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या तीन लॅबनी, ऑल्बनी, पोर्टलंड आणि एडमंटन, मिळून एक काम केलं. एकाच प्रकारचे माईस, सारखी उपकरणं, सारखी वेळ, सारखं खाणं, जितकं सारखं करता येईल तितकं केलं आणि त्याच टेस्ट घेतल्या. तरीही काही टेस्टचे निकाल लॅबप्रमाणे वेगळे आले. मोठे फरक सगळीकडे सारखे दिसले पण बारीक फरक टिकले नाहीत. मग २०१४ मध्ये मॅकगिलच्याच जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की खोलीत पुरुष असेल, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरी माईस आणि रॅट स्ट्रेसमध्ये येतात आणि त्यामुळे त्यांना वेदना कमी जाणवल्यासारखं दिसतं, बाईच्या बाबतीत तसं होत नाही. याचा अर्थ मुलांनी हे काम करू नये असा अजिबात नाही. अर्थ एवढाच की अर्धी टेस्ट रोहनने घेतली आणि अर्धी स्नेहाने, तर ते वहीत लिहिलेलं असलं पाहिजे, आणि कंट्रोल ग्रुप (औषध न दिलेला) एकाने आणि औषधाचा ग्रुप दुसऱ्याने असं तर कधीच होता कामा नये.

आता प्रत्यक्ष. टेस्टच्या खोलीत पिंजरे आणून निदान अर्धा तास, जमलं तर तास, नुसते ठेवायचे, ट्रॉलीवरून आणताना बसलेले धक्के निवळू दे. रोज त्याच वेळेत टेस्ट. मोबाईल बाहेर. प्रत्येक प्राण्यानंतर मेझ (ज्या भूलभुलैयात प्राण्याला सोडतो तो) ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं, ओलं असताना पुढचा प्राणी टाकला तर तो वासानेच गोंधळतो. आधीच्या प्राण्याने लेंडी टाकली असेल तर ती मोजायची असते का हे प्रोटोकॉलमध्ये बघा, पुसायच्या आधी. प्राण्यांचा क्रम रँडम असावा. एका पिंजऱ्यातले चौघे ओळीने काढले तर शेवटच्याने तीन वेळा पिंजरा उघडलेला अनुभवलाय, तो पहिल्यासारखा शांत नसतो.

एलिव्हेटेड प्लस मेझ म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा उंचावरचा मेझ, दोन फाटे भिंतींचे, दोन उघडे, पाच मिनिटं बघायचं की तो उघड्यावर किती जातो. ही टेस्ट एका प्राण्यावर एकदाच, दुसऱ्यांदा टाकला तर तो वेगळंच वागतो आणि चिंता कमी करणारी औषधंही तेव्हा नीट काम दाखवत नाहीत, त्यामुळे कॅमेरा चालू करायचा विसरला तर तो प्राणी या टेस्टपुरता गेला. म्हणून आधी रेकॉर्डिंगचा लाल दिवा, मग प्राणी. उघड्या फाट्यावर ट्यूबलाईटची तिरीप पडत नाही ना, चारही फाट्यांवर उजेड सारखा आहे ना, हे लक्समीटरने मोजा.

मॉरिस वॉटर मेझ, रिचर्ड मॉरिस यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेला, गोल टाकी, पाण्याखाली एक-दोन सेंटिमीटरवर लपवलेला प्लॅटफॉर्म, भिंतीवरच्या खुणा बघून प्राणी तो शोधायला शिकतो. इथे असिस्टंट स्वतःच एक खूण होऊन बसतो, रोज ज्या जागी तुम्ही उभे राहता ती जागा बघून रॅट दिशा ठरवतो. तेव्हा एक जागा ठरवा आणि तिथेच राहा, किंवा पडद्यामागे जा. पाण्यातून काढल्यावर टॉवेलने नीट पुसायचं, उबेच्या दिव्याखाली किंवा गरम पॅडवर कोरडा होईपर्यंत ठेवायचं, मगच पिंजऱ्यात. पुढच्या ट्रायलची घाई असते तेव्हा हेच राहतं, आणि गारठलेला प्राणी पोहत नाही, तरंगत राहतो.

आणि कोड. कुठल्या प्राण्याला औषध दिलंय आणि कुठल्याला सलाईन हे टेस्ट घेणाऱ्याला माहीत नसलेलं बरं. दुसऱ्या कोणाकडून अ-ब असे कोड लावून घ्या. आपल्या मनात नसलं तरी हात वेगळे वागतात.

सर्जरीत असिस्टंटचं काम

स्टिरिओटॅक्सिक सर्जरी म्हणजे प्राण्याला भूल देऊन डोकं फ्रेममध्ये पक्कं करायचं, कवटीवरचा ब्रेग्मा नावाचा बिंदू धरून मोजमापं घ्यायची आणि मेंदूच्या ठरलेल्या जागी सुई किंवा इलेक्ट्रोड उतरवायचा. सुई उतरवणं सुरुवातीला तुमच्याकडे येणार नाही आणि तसं येऊही नये. तुमच्याकडे येतं ते प्राण्याला सांभाळणं, आणि ते काही कमी नाही. भूल पूर्ण चढली का हे पायाच्या बोटांमध्ये चिमटा घेऊन बघायचं, पाय ओढला तर अजून सुरुवात करायची नाही. भुलेत डोळे उघडे राहतात आणि कोरडे पडतात, डोळ्यांत मलम घालायचं. अंगाखाली गरम पॅड हवाच, भुलेत शरीराचं तापमान झपाट्याने उतरतं. श्वासावर सतत लक्ष, छाती वरखाली होतेय ना. वेदनाशामक व्हेटने ठरवलेलं, ठरलेल्या वेळेला, दुसऱ्या दिवशीचा डोससुद्धा, रविवार असला तरी. शुद्धीवर येईपर्यंत त्याला एकट्याला ठेवायचं, बाकीच्यांसोबत नाही, आणि तो उठून स्वतःहून चालायला लागेपर्यंत तुम्ही तिथून हलायचं नाही.

मेंदू काढणं आणि सेक्शन

हा भाग नाजूक आहे, पण तोही सांगितलाच पाहिजे. टेस्ट झाल्यावर मेंदू मायक्रोस्कोपखाली बघायचा असेल तर प्राण्याला खोल भूल देऊन परफ्युजन करतात, हृदयाच्या डाव्या कप्प्यातून आधी सलाईन आणि मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड सोडतात, हे मेंदू आहे तसा टिकवणारं रसायन, म्हणजे फिक्सेटिव्ह. सलाईन नीट गेलं की गडद तांबडं लिव्हर फिकट मातकट होतं, त्यावरूनच कळतं. फिक्सेटिव्ह आत शिरलं की स्नायू थरथरतात, पहिल्यांदा बघताना दचकायला होतं, पण तेव्हा प्राण्याला काही जाणवत नसतं, भूल खोल आहे हे आधी तपासलेलं असतं. पॅराफॉर्मल्डिहाइड बनवताना आणि वापरताना फ्यूम हूड चालू, डोळ्यांवर गॉगल, यात तडजोड नको, त्यातून निघणारा फॉर्मल्डिहाइड वायू कॅन्सर करणारा म्हणून ओळखला जातो.

मेंदू बाहेर काढताना मागून सुरुवात, कवटी तुकड्या-तुकड्याने उचलायची, आणि आवरणाचा पातळ पडदा आधी कापून घ्यायचा, नाहीतर तोच पडदा लोण्यातून दोरा ओढावा तसा मेंदूत घुसतो. रॅटचा मेंदू दोन ग्रॅमच्या आसपास, माऊसचा अर्ध्या ग्रॅमहून कमी, आणि त्यात सुमारे सात कोटी न्यूरॉन. रात्रभर फिक्सेटिव्हमध्ये ठेवायचा, मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात, आधी तरंगतो, दोन-तीन दिवसांत तळाला बसला की तयार. मग क्रायोस्टॅटवर (गोठवून पातळ काप काढायच्या यंत्रावर) ३०-४० मायक्रॉनचे काप.

कापायच्या आधी एका बाजूच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) सुईने बारीक भोक पाडून ठेवा, म्हणजे स्लाईडवर डावं-उजवं कळतं, आणि कुठल्या बाजूला भोक पाडलं ते वहीत लिहा, नाहीतर भोकाचाही उपयोग नाही. काप स्लाईडवर चढवायला चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश लागतो, चांगल्या केसांचा. पेट्री डिशमध्ये बफर घ्यायचा, स्लाईड त्यात तिरकी धरायची, काप ब्रशने काठापर्यंत आणायचा, एक कोपरा काचेला चिकटला की स्लाईड हळूहळू वर उचलायची आणि ब्रशने फक्त उलगडत राहायचं, ओढायचं नाही. हिप्पोकॅम्पसची (मेंदूतल्या आठवणीशी संबंधित भागाची) ती दुहेरी वळणाची रेघ नुसत्या डोळ्यांनाही दिसते, पहिल्यांदा ती अखंड, न फाटता स्लाईडवर बसली की जे वाटतं त्यासाठी तासन् तास वाकून बसायची तयारी होते. पावसाळ्यात क्रायोस्टॅटमध्ये बर्फ जास्त साठतो, झाकण कमीत कमी उघडा.

ब्लेड आणि सुया पांढऱ्या पंक्चर-प्रूफ डब्यात, प्राण्याचं शरीर पिवळ्या बॅगेत, रसायनांसाठी वेगळे कॅन. ब्लेड लावलेलं असताना क्रायोस्टॅटमध्ये हात घालून काही साफ करू नका, आधी गार्ड.

मारावं लागतं त्याबद्दल

बहुतेक प्राणी प्रयोगाच्या शेवटी मारले जातात. ज्याला तुम्ही रोज हातात घेतलंय, जो तुमचा हात ओळखतो, त्याला तुम्हीच भूल द्यायची. हे सोपं नाही आणि सोपं व्हावं असंही मला वाटत नाही. काहींना काही महिन्यांनी झोप लागत नाही, काही अचानक चिडचिडे होतात, काही काम सोडतात, आणि त्यांना नाजूक म्हणून हिणवणं चूक आहे. त्या दिवशी दुसऱ्या कोणाला हे काम करायला सांगता येतं, तसं विचारा. करायचं असेल तर पद्धत मंजूर झालेलीच, घाईत नाही, बाकीच्या प्राण्यांसमोर नाही, आणि मृत्यू झालाय याची खात्री करूनच पुढचं. एका प्राण्यातून जितकं शिकता येईल तितकं शिका, मेंदू तुम्ही घेतला तर लिव्हर, रक्त, आतडं दुसऱ्या लॅबला हवंय का विचारा. फ्रीजरमध्ये लेबल नसलेली ट्यूब सापडली की माझा जीव खरंच तुटतो, कारण त्यामागे एक प्राणी गेलेला असतो आणि आता त्याचा कोणालाच उपयोग नाही.

वही आणि सण

वहीत तारीख, वेळ, प्राण्याचा नंबर, वजन, कोणी हाताळलं हे तर लिहाच, पण जे विचित्र वाटेल तेही लिहा. बाजूच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू होतं. एसी दोन तास बंद होता. नव्या कंपनीचा भुसा आला. आमच्याकडे गणपतीत मिरवणूक मागच्या रस्त्याने जाते, ढोल-ताशाच्या दिवशी रॅट पिंजऱ्यात थिजल्यासारखे बसतात, दिवाळीत फटाक्यांनी तेच. त्या आठवड्यांत आम्ही बिहेवियर टेस्ट लावतच नाही, फक्त कापायची आणि स्टेनिंगची कामं काढतो. नवीन वर्षाचं वेळापत्रक करताना कॅलेंडरमध्ये आधी हे दिवस खोडून घ्या. खाणं-पाणी मात्र ३६५ दिवस लागतं, लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्यालाही कोणीतरी यावंच लागतं, तेव्हा पाळ्या आधी ठरवा आणि दरवेळी जवळ राहणाऱ्या एकाच मुलीवर ढकलू नका.

काम मिळवायचं तर

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर ही संशोधन संस्था आहे, तिथे विदिता वैद्य यांची लॅब स्ट्रेस, सेरोटोनिन आणि मूड यावर रॅट-माईसमध्ये काम करते. पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, तिथे निक्सन अब्राहम यांच्या लॅबमध्ये माईसच्या वास घेण्यावर आणि शिकण्यावर काम चालतं. नागपूर विद्यापीठाच्या फार्मसी विभागातही मेंदूवरच्या औषधांचं काम बरीच वर्षं होत आलंय. बाहेर जायची तयारी असेल तर बंगळुरूला एनसीबीएस, आयआयएससी, निम्हान्स आणि हरियाणात मानेसरला एनबीआरसी या संशोधन संस्था आहेत. जागा प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट, जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) अशा नावांनी निघतात, संस्थांच्या वेबसाईटवर, आणि प्रोजेक्ट संपला की नोकरी संपते हे धरूनच चला. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिना ३७ हजार अधिक घरभाडं अशी आहे, असिस्टंटला त्यापेक्षा कमी. बी.फार्म, एम.फार्म झालेल्यांना फार्माकॉलॉजीमुळे प्राण्यांचा अनुभव आधीच असतो, बाकीच्यांनी निदान एखादी उन्हाळी इंटर्नशिप बघा.

ईमेल लिहिताना मला न्यूरोसायन्सची आवड आहे एवढं पुरत नाही, त्या लॅबचा एक पेपर वाचून त्यातली कुठली टेस्ट तुम्हाला कळली आणि कुठली नाही कळली ते दोन ओळीत लिहा. इंटरव्ह्यूला गेलात तर ॲनिमल हाऊस बघता येईल का असं विचारा, आत नेत नसतील तर निदान काचेतून. पिंजऱ्यात घरट्याचं सामान आहे का, कार्डं नीट भरलेली आहेत का, तिथली माणसं प्राण्यांजवळ हळू बोलतात का हे बघा, तिथे आपण रोज काय करणार आहोत ते त्यावरून कळतं. आणि टिटॅनसचं इंजेक्शन जॉईन व्हायच्या आधीच घ्या, ॲलर्जी असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा.